हरकत कुणाची?

एकाहत्तरीतले बाबा सकाळी फिरायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालू लागले, तेव्हाच चिरंजिवांना शंका यायला हवी होती. पण सत्तेचाळिशीचे गृहस्थ कामात होते. आई गेल्यापासून बाबांच्या गोळ्या, मेडिक्लेम, रविवारचा फोन, सगळं वेळच्या वेळी. एवढं करूनही बाबांनी 'आम्ही रजिस्टर करतोय' म्हणावं?

'या वयात?' हा पहिला प्रश्न. 'आईला काय वाटेल?' हा दुसरा. तिसरा तोंडाने विचारायचा नसतो. कोथरूडच्या टू-बीएचकेवरून नजर फिरवली की पुरे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा मृत्युपत्र नसेल तर पत्नीला मुलाइतकाच वाटा देतो. ती पहिली की दुसरी, याची चौकशी करत नाही.

मग चिरंजिवांनी १९५४ चा विशेष विवाह कायदा वाचला. नोटीस तीस दिवस लागते आणि हरकत कुणालाही घेता येते, हे कळताच चेहरा उजळला. कारणं वाचून तो पडला. जोडीदार हयात असणं, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं, वर एकवीसहून आणि वधू अठराहून लहान असणं. बाबांनी एकविशी कधीच ओलांडली आहे. 'लोक काय म्हणतील' हे कलम मसुदा करणाऱ्यांकडून राहूनच गेलं! उलट हरकत खोडसाळ ठरली तर हजार रुपयांपर्यंत भुर्दंड, आणि तोही वधूवरांच्या खिशात.

धोंडो केशव कर्वे या विधुराने १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. बहिष्काराचं काम मुरुड गावाने केलं. आता गावाला वेळ नाही, म्हणून ते खातं घरच्यांकडे आलंय.

न्यू जर्सीच्या ताईने तोडगा काढला: लग्न कशाला, नुसते एकत्र राहा की. स्वतःची लेक तसं राहते म्हणून ताईचा तिच्याशी दिवाळीपासून अबोला आहे, ही गोष्ट वेगळी.

बाबा ज्यांच्याशी लग्न करणार, त्या काकूंचे दिवंगत यजमान केंद्र सरकारी नोकरीत होते. काकूंना मुलं आहेत, त्यामुळे पुनर्विवाह केला की त्यांचं फॅमिली पेन्शन बंद. हे ठाऊक असूनही त्या सही करायला तयार आहेत. चिरंजिवांना नेमकं हेच संशयास्पद वाटतं.

साक्षीदार तीन लागतात. दोन मिळालेत. तिसऱ्यासाठी बाबांनी चिरंजिवांना विचारलंय, आणि येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणायला सांगितलंय.