पाच दिवस, दोनशे किलोमीटर आणि एक गुडघा

यवतमाळहून शेगाव २०० किलोमीटरच्या आसपास. रजा पाच दिवसांची. भागाकार केला, उत्तर आलं ४०. बस्स, ठरलं! रोज चाळीस किलोमीटर पायदळ.

चौथीतलं पोरगंही हेच उत्तर काढेल. फरक इतकाच की ते चालायला निघत नाही.

दिवाळी उलटली की आपल्याकडे टपरीटपरीवर ही बैठक बसते. कुणाच्या तरी साडूने मागच्या वर्षी पायदळ शेगाव केलेलं असतं. त्याच्या स्टेटसवरचे फोटो बघून चौघांना एकदम गजानन महाराजांची ओढ लागते. ओढ खरीच असते हो. पण माघ वद्य सप्तमीला प्रकट दिन, आणि साहेबांना तेव्हाच मार्च एंडिंग दिसायला लागतो.

आता जे खरोखर चालतात त्यांचा हिशेब बघा. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाते ती सुमारे ७०० किलोमीटर, ३३ दिवसांत. सरासरी दिवसाला एकवीस. माउलींची पालखी तर आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरला अठराएक दिवस घेते. वर पुण्यात एक अख्खा दिवस नुसता मुक्काम.

म्हणजे टाळ-पताका घेऊन वर्षानुवर्षं वारी करणारा माणूस एकवीस चालतो. आणि लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावरून साहेबांना शिव्या घालणारे आपण चाळीस?

महाराज पावतील. गुडघा पावणार नाही.

मग खरेदी. निघायच्या आदल्या दिवशी नवे कोरे बूट. दारव्हा यायच्या आत दोन्ही टाचांना फोड. शेवटी कामाला येते ती घरची झिजकी चप्पल, आणि नेमकी तीच घरी राहिलेली असते.

नियोजनाच्या कागदावर किलोमीटर असतात, मुक्काम नसतात. आणि पायदळवाल्यांचा दिवस मुक्कामावर संपतो. पंचवीस माणसं निजतील असा सभामंडप किंवा शाळेचा वऱ्हांडा जिथे असेल, तिथे त्या दिवसाचं चालणं थांबतं. ते गाव सतराव्या किलोमीटरला आलं तर सतरा, एकतिसाव्याला आलं तर एकतीस. शाळेसाठी हेडमास्तरांना आधी विचारावं लागतं. रविवारी पोचलात तर किल्ली कुणाकडे, हेही.

विचारलं कुणी? ग्रुपचा डीपी मात्र कधीच बदलून झालाय.

पहाटे साडेचारला निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची, चारनंतर पुन्हा रस्ता धरायचा. मधली सावली गृहीत धरू नका. चौपदरी रस्त्याला आता झाड शोधावं लागतं. अंधारात चालताना उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. पाठीवर रेडियमची पट्टी लावा. ट्रकवाल्याला तुमची श्रद्धा दिसत नाही, पट्टी दिसते.

सामानाला चारशेसात हवीच. तिच्यात गॅसची टाकी, पिठाचं पोतं, पाण्याचे कॅन, निळी ताडपत्री आणि कर्णा. पहिल्या दिवशी मागे एकच जण पाय लोंबकळत बसलेला असतो, 'दोनच किलोमीटर बसतो' म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या गाडीत सामान कमी, भक्त जास्त.

आणि शेगावला पोचल्यावर हेच सगळ्यात आधी रांगेत!

बरं, वेळेची चणचण फक्त आपल्यालाच आहे असं नाही. सरकारलाही आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आठवतो ना? मूळ आराखड्यात पवनार ते पत्रादेवी ८०२ किलोमीटर. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणारा. अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर आणणारा. देवीच्या नावाचा द्रुतगती रस्ता. त्यावर देवीला पायी जाणाऱ्याने चालायचं कुठून? आणि ज्याच्या वावरातून तो जाणार, तो शेतकरी 'आठ तासांत गोव्याला जाऊन करू काय' असं विचारतोय.

रेल्वेची तऱ्हा उलटी. तिला कसलीच घाई नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची पहिली गाडी २८ फेब्रुवारी २०२४ ला कळंबपर्यंत धावली. चिंतामणीच्या गावी आली आणि टेकली. यवतमाळचे भाविक चतुर्थीला कळंबपर्यंतचे बावीस-तेवीस किलोमीटर कितीतरी वर्षांपासून एका रात्रीत तुडवतात.

ज्याला खरोखरच वेळ नाही, तो शेतकरी टपरीवरच्या बैठकीत नसतोच. आषाढी येते ती नेमकी पेरणीच्या तोंडावर. मृग बरसला की सरकी टोबायची, पावसाने दडी मारली की दुबार पेरणी. पुढे दिवाळीपासून वेचणी, मजूर मिळेना, भाव पडलेला. तुमची रजा साहेब मंजूर करतात, त्याची ढग करतात.

तरी पालखीत धोतरं जास्त दिसतात आणि पगारदार कमी. हे कसं काय, याचं उत्तर कर्मचारी संघटनेने द्यावं.

मग पाच दिवसांत जायचं कुठे? माहूरला जा ना! यवतमाळहून आर्णीमार्गे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. चार दिवसांत सुखाने होतं, पाचवा दिवस परतीच्या एसटीला. धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, विदर्भ संपून मराठवाडा लागतो. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता अशा तीन टेकड्या शेवटी वाट बघत असतात, म्हणून पायांत थोडा जीव शिल्लक ठेवायचा. मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, हवाही चालण्याजोगी असते.

पण लगेच कुणीतरी म्हणतं, 'फक्त माहूर?'

साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ घराजवळ आहे. पण स्टेटसला दोनशेचा आकडा हवा.

तेव्हा सोपं सांगतो. हातात एकच रात्र असेल तर कळंब करा. पाय काय म्हणतात ते तिथेच कळेल. पाच दिवस असतील तर माहूर. शेगावला पायदळच जायचं असेल तर नऊ-दहा दिवस लागतात, परतीचा वेगळा. तेवढी रजा साहेबांकडून आधी लेखी घ्या, मग नारळ फोडा.