खिडकी विकता, मग डोंगर कुठे ते सांगा

विमानाचं तिकीट काढताना पडद्यावर खुर्च्यांचा नकाशा येतो. पाय कुठे पसरता येतील, लवकर कुठून उतरता येईल, कुठल्या रांगेला किती जादा पैसे, सगळं रंगवून दाखवलेलं असतं. हिमालय कोणत्या बाजूला दिसेल, ते मात्र कुठेच नसतं. खिडकीचे वेगळे पैसे घेता, तर खिडकीबाहेर काय आहे तेही सांगा.

सांगणं अवघड नाही. दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना विमान पूर्वेकडे तोंड करून उडतं आणि पर्वतरांग उत्तरेला असते. म्हणून डावी बाजू, म्हणजे ‘ए’ची खुर्ची. हवा स्वच्छ असेल तर धौलागिरीपासून ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगापर्यंत हिमशिखरांची रांग दिसते. परतताना उजवी बाजू, ‘एफ’. एवढी एक ओळ छापायला कंपन्यांना काय खर्च येतो?

दिशेनंतर सूर्य बघा. दिल्ली-लेह विमानं बहुतेक सकाळी जातात, कारण दुपारनंतर तिथला वारा उतरू देत नाही. विमान उत्तरेकडे, सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या खिडकीत थेट डोळ्यांवर ऊन. डावीकडे तेच ऊन बर्फावर पडतं आणि पुढे ७,१३५ मीटरचं नून शिखरही त्याच अंगाला आहे. लेहचा विमानतळ लष्कराचा, तिथे फोटोला मनाई असते. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांनी बघा.

आपल्या घरची वाटही काही कमी नाही. मुंबई-गोवा प्रवासात उजवीकडे अरबी समुद्र आणि कोकणातल्या खाड्या, डावीकडे सह्याद्री. सकाळच्या विमानाला उजवी बाजू घ्या. दुपारनंतर सूर्य समुद्राकडे कलतो आणि ऊन थेट कड्यांवर येतं, तेव्हा डावी घ्या. पावसाळा संपता संपता हवा धुतलेली असते, तेव्हा कोयनेचा शिवसागरही ओळखता येतो. मुंबई-नागपूर सरळ रेषा काढली तर लोणार तिच्या दक्षिणेला, म्हणजे जाताना उजवीकडे पडतं. रोजची वाट थोडी सरकते, पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर शोधायला डोळे उघडे ठेवण्याइतकं मोठं आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं ते गोल चित्र मुलांना वरून दाखवण्याची संधी दवडू नका.

आता पंख. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये मधल्या रांगांत बसलात तर खाली जमीन नाही, पंखाचा पत्राच दिसतो. त्याच्या लगेच मागे बसलात तर इंजिनाच्या गरम झोतामुळे दृश्य थरथरतं. पंखाच्या पुढची जागा उत्तम, नाहीतर अगदी शेपटाकडची. छोट्या एटीआर ७२ चा पंख छताला असतो, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं आणि ते उडतंही कमी उंचीवरून. पंखा फिरणारं विमान म्हणून त्याला नाकं मुरडणारे निसर्ग बघायला मुकतात.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. बोइंग ७३७-८०० मध्ये पंखाच्या थोडं पुढे, वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते तिथे खिडकीच नसते. तरी ती खुर्ची खिडकीची म्हणून विकली गेली, तर ती सरळ फसवणूक आहे. भिंत असेल तर नकाशावर भिंत दाखवा आणि पैसे कमी घ्या.

प्रवाशांनाही एक सांगणं आहे. झोपायचंच असेल तर खिडकी अडवू नका. झडप पाडून बसलेल्या माणसाच्या शेजारी पहिल्यांदाच विमानात बसलेलं पोर मान ताणून बसलेलं असतं. त्याला जागा द्या.

कंपन्यांनी खुर्चीच्या नकाशावर तीन गोष्टी छापाव्यात: उत्तर दिशा, पंखाची खरी जागा आणि खिडकी नसलेली खुर्ची. तोवर पैसे भरण्याआधी आपणच नकाशा उघडायचा, विमानाचं तोंड कुठे आणि त्या वेळी सूर्य कुठे ते बघायचं, आणि मगच ‘ए’ की ‘एफ’ ते ठरवायचं.