माझ्या जाण्याची घाई झालीय का?

कर्वेनगरच्या सोसायटीत पार्किंगची जागा कुणाची, हे पाटी लावून ठरतं. फ्लॅट कुणाचा, हे मात्र तेराव्याच्या जेवणानंतर. मृत्युपत्राचा विषय काढला की आजोबा विचारतात, "माझ्या जाण्याची घाई झालीय का?" खरं तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्याला हवा एक कागद, एक सही आणि दोन साक्षीदार. स्टॅम्प ड्यूटी नाही, नोंदणीची सक्ती नाही. प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा, जाच कायद्याने २०२५पर्यंत मुंबईकरांच्या माथी मारला होता, पुणेकरांच्या कधीच नाही. पुणेरी शब्दावर केवढा हा विश्वास! "सोसायटीत नॉमिनी लावलाय की," म्हणून आजोबा निर्धास्त. नॉमिनी हा मालक नव्हे, नुसता राखणदार, हे मुलांना शिवाजीनगरच्या कोर्टात उमगतं. तिथल्या तारखा मात्र सर्व वारसांना समसमान मिळतात.