बुकात आहे, रॅकवर नाही

मार्चअखेरीला आमच्या भोसरीच्या कारखान्यात स्टॉक टेकिंग असायचं. या वर्षी ते झालं तेव्हा बेअरिंगं जुळली, ओ-रिंगा जुळल्या, नटबोल्टसुद्धा जुळले. फक्त एक नग जादा निघाला. तो मी. स्टोअर्स इनचार्ज, २००१ सालची आवक, नॉन-मूव्हिंग.

एचआरच्या बाईंनी मला एसीत बसवून सांगितलं की माझ्याविषयी कोणाची काहीही तक्रार नाही, फक्त माझी पोझिशन रिडंडंट झाली आहे. मला हायसं वाटलं. पोझिशन जात असेल तर जाऊ दे बापडी, आपल्याला काय. संध्याकाळी पाहतो तर पोझिशन भोसरीतच राहिली आणि डबा घेऊन घरी मी आलो.

बातमी कळताच भाची धावत आली. ती हिंजवडीला असते. नक्की काय काम करते ते तिने मला तीनदा समजावून सांगितलं आहे. आल्या आल्या म्हणाली, "मामा, आधी तुझं लिंक्डइन दाखव." माझं लिंक्डइन होतं. कंपनीच्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना काढायला लावलं होतं. त्यात माझं नाव, पुणे आणि 'स्टोअर्स' एवढा ऐवज होता. फोटोच्या जागी एक राखाडी पुतळा होता. मला तो बरा वाटायचा. भाचीने ते पाहिलं आणि एक्स-रे उजेडाकडे धरल्यावर डॉक्टर होतो तशी ती गप्प झाली.

हे लिंक्डइन २००२ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या रीड हॉफमन नावाच्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात सुरू झालं आणि २००३ च्या मे महिन्यात लोकांसाठी उघडलं. आपल्याकडे दिवाणखान्यात फार तर साड्यांचं प्रदर्शन भरतं. मला तेव्हा नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे या घटनेची दखल घ्यायचं कारण पडलं नाही. पुढे २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतलं. लोकांच्या बायोडेटांनी भरलेलं एक कपाट एवढ्या किमतीला जातं, हे कळल्यावर मला आमच्या स्क्रॅप यार्डात रद्दीच्या भावाने गेलेल्या अर्जांच्या फायली आठवल्या.

पहिला अडथळा फोटोचा. माझा एकट्याचा फोटो घरात सापडेना. आपल्याकडे पुरुषाचा एकट्याचा फोटो दोनदा लागतो: दहावीच्या हॉल तिकिटाला आणि हार घालायला. शेवटी पुतण्याच्या मुंजीतला निघाला, त्यात मी फेटा बांधून पंगतीत जिलबी वाढत होतो. भाचीने कुठल्याशा अ‍ॅपात तो घातला. फेटा गेला, जिलबीचं ताट गेलं, अंगावर निळा कोट आला, मागे काचेचं ऑफिस उगवलं. बायकोला दाखवला. ती बराच वेळ बघून म्हणाली, "अहो, हे कोण? चांगले दिसतात."

मग आली नावाखालची ओळ. तिला हेडलाइन म्हणतात आणि तिथे २२० अक्षरं मावतात. मी म्हटलं, 'स्टोअर्स इनचार्ज' लिही, बाकीची शिल्लक ठेव. भाची म्हणाली, "मामा, स्टोअर्स कोणी शोधत नाही. तिकडे बसलेले लोक सर्चमध्ये शब्द टाकतात. तो शब्द तुझ्याकडे नसेल तर तू त्यांच्यासाठी जन्मलाच नाहीस." आणि तिने उभ्या रेघा मारत मारत लिहिलं: सप्लाय चेन लीडर, उभी रेघ, इन्व्हेंटरी ऑप्टिमायझेशन, उभी रेघ, कॉस्ट चॅम्पियन, उभी रेघ, लाइफलाँग लर्नर. उभ्या रेघेची ही सवय मला ओळखीची वाटली. आमच्या बिन कार्डावरही आम्ही आडव्याउभ्या रेघा मारायचो, पण त्या रकान्यांत पुढे आकडे भरावे लागत.

आता मुद्द्याचं सांगतो. स्टोअर्सच्या माणसाचं सगळं आयुष्य दोन शब्दांत मावतं: बुक स्टॉक आणि फिजिकल स्टॉक. बुकात जेवढं लिहिलंय तेवढं रॅकवर आहे का? असेल तर घरी जा, नसेल तर शोध. २०१४ साली अकरा ओ-रिंगा कमी भरल्या म्हणून मी शनिवार-रविवार कारखान्यात काढले होते. (सापडल्या. मेंटेनन्सच्या एका भल्या गृहस्थाने चलन न फाडता नेल्या होत्या.) आणि आता वयाच्या पन्नाशीला मी स्वतःचं असं रजिस्टर लिहून घेत होतो, ज्यातली एकही नोंद रॅकवर नव्हती. स्ट्रॅटेजिक थिंकिंग, एक नग. स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, एक नग. चेंज मेकर, एक नग. मी रात्री उठून रॅक पाहून आलो. काही नव्हतं.

'अबाउट' म्हणजे स्वतःविषयी. तिथे २६०० अक्षरं मिळतात. स्वतःविषयी एवढं मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिने विचारलेलंही नाही. भाचीने सुरुवात केली, 'मी एक पॅशनेट...' मी तिला तिथेच थांबवलं. मला ओ-रिंगेबद्दल पॅशन नव्हती. रबराची ओ-रिंग खिडकीच्या उन्हात ठेवली की तडकते, आणि तडकलेली ओ-रिंग मशीनवर गेली की रात्रपाळीत तेल गळतं, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी तो रॅक खिडकीपासून हलवला. भाचीने हे लक्षपूर्वक ऐकलं आणि लिहिलं: 'प्रोअ‍ॅक्टिव्ह रिस्क मिटिगेशन स्पिअरहेड केलं.' मी रॅक हलवला होता. मदतीला दोन हेल्पर होते.

त्यानंतर तिने आकडे मागितले. "रिझल्ट नंबरमध्ये सांग. किती टक्के कॉस्ट वाचवलीस?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, कधी मोजलं नाही. "मग ३७ टक्के लिहिते. तीस म्हटलं की अंदाज वाटतो, चाळीस म्हटलं की थाप वाटते. सदतीस म्हटलं की मोजल्यासारखं वाटतं." मला दरदरून घाम फुटला. तेवीस वर्षांत मी ज्या एका गोष्टीवरून माणसांशी भांडलो, ती गोष्ट माझ्याच नावावर, माझ्याच हसऱ्या फोटोखाली, निळ्या कोटात.

आपल्या लोकांना असं स्वतःचं कौतुक जड जातं त्याला कारण आहे. लहानपणी शाळेत दासबोधातली मूर्खलक्षणं पाठ करून घेतली होती. समर्थांनी त्यात एकाच ओवीत तीन जण बसवले आहेत: आपली आपण स्तुती करणारा, स्वदेशात विपत्ती भोगणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणारा. नोकरी शोधणाऱ्याचं इतकं संपूर्ण वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही. स्तुती 'अबाउट'मध्ये आहे. विपत्ती आहे म्हणून तर प्रोफाइल उघडलं. आणि वाडवडिलांची कीर्ती म्हणजे ते नावापुढचं 'एक्स'. एक्स-अमुक, एक्स-तमुक. ज्या मोठ्या घराने बाहेर काढलं, त्याच घराण्याची पाटी गळ्यात घालून माणसं दारोदार फिरतात. समर्थांना एचआरचा काही अनुभव असावा असं वाटत नाही, पण निरीक्षण दांडगं.

मग भाचीने माझ्या निळ्या कोटाभोवती हिरवा चुडा भरला. २०२० साली, करोनात नोकऱ्या गेल्या तेव्हा, लिंक्डइनने ही सोय काढली. फोटोभोवती हिरवं कडं येतं, 'मी कामासाठी उपलब्ध आहे' असं जाहीर करणारं. त्यावर तिकडे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, चुडा भरा, लोकांना कळू तर द्या मुलगी लग्नाची आहे. दुसरा म्हणतो, छे, भरू नका, गरजू दिसता. गरजू माणसाने गरजू दिसू नये, ही नोकरीच्या बाजारातली पहिली अट. मधला मार्गही आहे: ही खूण फक्त नोकऱ्या देणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. म्हणजे चुडा भरायचा आणि हात पदराखाली घ्यायचा. आम्ही तोही करून पाहिला. चुडा उघड होता तेव्हा रोज सात-आठ निरोप येत. सगळे प्रोफाइल सुधारून देणाऱ्यांचे. 'सर, आपलं प्रोफाइल पाहिलं, त्यात फार पोटेन्शियल आहे, आमचं प्रीमियम पॅकेज घ्या.' एकाने तर थेट ऑफर लेटरच पाठवलं, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरायचे होते. माझ्या बेकारीमुळे निदान काही जणांना तरी काम मिळालं, हा आनंद मला घेता आला असता. पण त्यांच्याकडेही चलन नव्हतं.

दुसरीकडे नोकरी डॉट कॉम. ते १९९७ पासून आहे. त्याची भाचीने शिकवलेली युक्ती अशी: रोज सकाळी प्रोफाइल उघडायचं, एक पूर्णविराम काढायचा आणि सेव्ह करायचं. दुसऱ्या दिवशी तोच पूर्णविराम परत द्यायचा. म्हणजे आपण हालचाल करतो आहोत असं दिसतं आणि यादीत वर येतो. १९९८ साली पदवी झाल्यावर मी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढलं होतं. त्याची मुदत संपली की रांगेत उभं राहून नूतनीकरण करावं लागे आणि कॉल येत नसे. आता घरबसल्या रोज नूतनीकरण होतं. प्रगती झाली नाही असं कोण म्हणेल! पूर्वी शिक्का मारणारा कारकून तरी आपल्याकडे वर मान करून बघायचा.

कौशल्यांचंही एक खातं असतं, आणि त्यावर दुसऱ्याने येऊन शिक्का मारायचा असतो. २०१२ पासून ही चाल आहे. माझ्या 'स्ट्रॅटेजिक थिंकिंग'ला पहिला शिक्का साडूने मारला. त्याने मला विचार करताना कधी पाहिलेलं नाही. मग मी त्याच्या 'पब्लिक स्पीकिंग'वर मारला. तो पूजेत आरतीसुद्धा मनातल्या मनात म्हणतो. उंटाच्या लग्नात गाढवं गायला आली आणि मग एकमेकांचं रूप आणि आवाज वाखाणत बसली, ती गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्यातल्या उंटालाही तिकडे पाचशेच्या वर कनेक्शन्स निघतील. बाकी 'मोजणे' हे कौशल्य भाचीने घातलंच नाही. ते आता कोणाला लागत नाही म्हणे.

एवढ्याने भागत नाही. अधूनमधून लिहावंही लागतं. मी ओ-रिंगेची गोष्ट जशी घडली तशी लिहिली. तीन लाइक आले. एक साडूचा, एक भाचीचा आणि एक चुकून माझाच. त्याच आठवड्यात, ज्या साहेबांनी माझ्या कागदावर सही केली त्यांनीही एक पोस्ट टाकली. सहकाऱ्याला निरोप देताना आपण रात्रभर झोपलो नाही, नेतृत्व म्हणजे एकटेपण, वगैरे. एकेक वाक्य, मग मोकळी ओळ, मग वाक्य. खाली शेकडो लोक त्यांचं सांत्वन करत होते. भाची म्हणाली, "मामा, लाइक कर. एंगेजमेंट वाढते." केलं. माझं तेवीस वर्षांचं निरोपपत्र असं अंगठ्यावर संपलं.

आणि एके दिवशी खरंच फोन आला. लिंक्डइन पाहूनच. व्हिडिओवर एक चुणचुणीत तरुण होता. त्याने आधी थोडा वेळ पडद्यात माझ्यामागे काचेचं ऑफिस शोधलं. मागे आमचं देवघर होतं. मग त्याने नेमकं तेच विचारलं. "सर, थर्टी सेव्हन पर्सेंट कॉस्ट रिडक्शन. जरा वॉक मी थ्रू." मी त्या रजिस्टरकडे पाहिलं. खाली सही माझी होती. म्हटलं, "साहेब, हे बुकात आहे, रॅकवर नाही." त्याला वाटलं ही काहीतरी जपानी पद्धत असेल, त्याने लिहून घेतलं. मग मी त्याला रॅकवर काय आहे ते सांगितलं. ६२०५ चं बेअरिंग म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. कोणत्या पुरवठादाराच्या शंभराच्या पेटीत अठ्ठ्याण्णव निघतात ते येतं. कोणता ड्रायव्हर आला की चलन दोनदा वाचायचं ते येतं. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग. वी विल गेट बॅक टू यू." याला आज पाच आठवडे झाले.

भाची चिडली. तिच्या तीन रविवारांवर पाणी पडलं होतं, आणि तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. परवा रात्री तिनेच फोन करून हळू आवाजात विचारलं, "मामा, आमच्याकडे पण रिस्ट्रक्चरिंग चाललंय. माझं प्रोफाइल जरा बघशील?" पाहिलं. बुक स्टॉक भरपूर होता.

माझं मी दुरुस्त करून टाकलं आहे. सदतीस टक्के राइट ऑफ केले. फोटोत फेटा परत आणला. जिलबीचं ताट काही परत येईना. लिंक्डइन आता मराठीतही दिसतं, तसं लावून ठेवलं आहे. हेडलाइनमध्ये 'स्टोअर्स इनचार्ज' लिहिलं, उरलेली दोनशेच्या आसपास अक्षरं शिल्लक आहेत, कोणाला हवी असतील तर न्यावीत.

तेव्हा वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या कारखान्यात स्टोअर्सच्या किल्ल्या सांभाळायला माणूस हवा असेल तर या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावं. भोसरी, चिंचवड, तळवडे चालेल. चाकण आणि रांजणगावला कंपनीची बस असावी. एक्सेल येतं. नोटीस पिरियड नाही. पहिल्या दिवशी सगळा माल मोजून ताब्यात घेईन, त्याला दोन दिवस लागतील.