कात्री हाती घेण्यापूर्वी: नवख्या सेन्सॉरसाठी मार्गदर्शिका

नेमणुकीबद्दल अभिनंदन. सेन्सॉरच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक नव्या उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात काहीतरी जाळून दाखवायची खुमखुमी येते. ती आवरा. धूर लांबून दिसतो, बघे जमतात, आणि ज्यांनी त्या पुस्तकाचं नावही ऐकलं नव्हतं ते लेखकाचं आडनाव पाठ करून घरी जातात.

रुजू होण्याआधी चार कादंबऱ्या वाचून घ्या: झाम्यातिनची 'वी', हक्स्लीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', ऑर्वेलची '१९८४' आणि ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१'. लोक सावध व्हावेत म्हणून लेखकांनी त्या लिहिल्या. आपण त्या कार्यालयीन पुस्तिका समजून वाचायच्या. प्रेमप्रकरणाची पानं उलटलीत तरी चालेल.

यंत्रसामग्री

नवखा माणूस आधी खरेदीची यादी करतो. झाम्यातिन पेशाने जहाजबांधणी अभियंता. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घेत होता. १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या त्याच्या कादंबरीत अख्खं शहर काचेच्या घरांत राहतं. माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. पडदा ओढायचा तर गुलाबी चिठ्ठी लागते. कल्पना देखणी, पण एवढ्या काचा पुसणार कोण? ऑर्वेलचा टेलिस्क्रीन त्याहून सुटसुटीत. आवाज कमी करता येतो, बंद करता येत नाही. तरी तो सरकारी खर्चाने बसवायचा, आणि पलीकडे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसायचं. भत्ता कोण देणार?

ब्रॅडबरीने १९५३ मध्ये हा प्रश्नच निकालात काढला. त्याच्या नायकाच्या, म्हणजे माँटॅगच्या, घरात तीन भिंतीभर टीव्ही आहेत आणि बायकोला चौथी भिंतही हवी आहे. किंमत दोन हजार डॉलर, नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा एक तृतीयांश. ती हट्ट धरते, खातं गप्प बसतं. भिंतीवरच्या नाटकाची संहिता तिला टपालाने येते. त्यात एक भूमिका मोकळी सोडलेली असते. सगळे तिच्याकडे वळून पाहतात आणि ती आपलं वाक्य म्हणते. वाक्य होकाराचं असतं. एवढ्यावर बाई खूश. रात्री कानात शिंपल्याएवढा रेडिओ घालून झोपते, शेजारी नवरा जागा आहे की नाही याचा तिला पत्ता नसतो. खरेदीच्या फायलीवर सही करण्याआधी हा प्रसंग दोनदा वाचा. लोक रांग लावून स्वतःच्या पैशाने जे घरी नेतील, त्यासाठी निविदा कशाला काढता?

काय कापावं

खरं कसब इथे. 'फॅरनहाइट'मधला, पुस्तकं जाळणाऱ्या अग्निशमन दलाचा कॅप्टन बीटी माँटॅगला खात्याचा इतिहास सांगतो, तो पाठ करा. सुरुवात वरून आलेल्या हुकमाने झालीच नव्हती, असं तो म्हणतो. पुस्तकं आखूड झाली, मग आखडलेल्याचा सारांश झाला, सारांशाचं टिपण झालं. या गटाला टोचतं म्हणून एक ओळ गेली, त्या गटाला बोचतं म्हणून दुसरी. वाचणारे आपणहून उठून गेले. आगवाले आले ते शेवटी, झाडलोट करायला.

आता प्रत्यक्ष उदाहरण. १९६७ मध्ये बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेने शाळांसाठी एका कादंबरीची खास आवृत्ती काढली. संपादकांनी तांदळातले खडे वेचावेत तसे सुमारे ७५ उतारे वेचून बदलले. शिव्या गेल्या. गर्भपाताचा उल्लेख गेला. एक दारुडा होता, तो आजारी झाला. एकजण बेंबी साफ करत होता, तो कान साफ करू लागला. लेखकाला कुणी विचारलं नाही. कादंबरी कोणती? 'फॅरनहाइट ४५१'!

इथे उमेदवार हसतात. हसून झालं की कामाचं टिपून घ्या. वॉशिंग्टनहून हुकूम आलेला नव्हता. कोणी मोर्चा काढला नव्हता. शाळा कुरकुरतील, एवढी शंका पुरली. बीटीचं ते भाषण संपादकांच्या नजरेखालून गेलंच असणार; त्यांनी ते वाचलं, त्यातल्या शिव्या तपासल्या आणि पान उलटलं. पुढे १९७३ पासून मोठ्यांसाठीची मूळ आवृत्ती छापणं थांबलं आणि ही सोवळी आवृत्तीच सगळीकडे विकली जाऊ लागली. १९७९ पर्यंत असंच चाललं. जाहीर बंदी घातली असती तर वर्षभरात कोर्टकज्जे झाले असते. बेंबीसाठी कोण कोर्टात जातो?

झालेलं पान बदलणं

ऑर्वेलच्या नायकाचं काम तुमच्याच दर्जाचं. विदर्स नावाचा इसम मर्जीतून उतरला की जुन्या वर्तमानपत्रातली त्याची स्तुती काढायची आणि तिथे ओगिल्व्ही नावाचा, कधीच न जन्मलेला, हुतात्मा बसवायचा. मूळ कागद भिंतीतल्या भोकात. कादंबरी १९४९ ची. चारच वर्षांनी मॉस्कोत गुप्त पोलिसांचा म्होरक्या बेरिया याला अटक झाली, तेव्हा मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाचा त्याच्यावरचा लेख असलेला खंड आधीच घरोघर पोचला होता. वर्गणीदारांना नवी पानं पाठवण्यात आली. त्यांत बेरिंग समुद्राची भरघोस माहिती होती, आणि जुनी पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापून ही चिकटवावीत अशी सूचना. गोंद वर्गणीदाराचा.

ही पद्धत मला मनापासून आवडते, पण तिच्यात एक ढिलाई आहे. कापलेलं पान कुणी गादीखाली सरकवलं तर? जुलै २००९ मध्ये ती ढिलाईही संपली. एका विक्रेत्याने हक्क नसताना विकलेली दोन ई-पुस्तकं अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून दूरस्थपणे पुसली आणि पैसे परत दिले. पुस्तकं होती ऑर्वेलची: '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म'. सरळ सांगायचं तर हा स्वामित्वहक्काचा मामला होता, सेन्सॉरचा नव्हे, आणि कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफीही मागितली. आपल्याला माफीशी कर्तव्य नाही. विकलेल्या पुस्तकापर्यंत दुकानाचा हात पोचतो, एवढं लक्षात ठेवा.

कर्मचारीवर्ग

हुशार माणसं घेऊ नका. '१९८४'मधला साइम नव्या भाषेचा कोश करतो, शब्द कमी करण्याच्या कामात रंगून जातो आणि एके दिवशी यादीतून त्याचंच नाव गळतं. बीटीचा घात वाचनाने झाला. हवं ते अवतरण तोंडपाठ, त्यामुळे जगण्याची इच्छाच उरली नव्हती. हक्स्लीचा नियंत्रक मुस्तफा मॉन्ड बायबल स्वतःच्या तिजोरीत ठेवतो. तेवढी चैन साहेबांना शोभते.

सर्वात धोकादायक म्हणजे आपल्याच व्यवस्थेत काम शिकून बाहेर पडलेला माणूस. ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीच्या पूर्व विभागात होता, हिंदुस्थानसाठी भाषणं तयार करत. प्रत्येक संहिता धोरण आणि सुरक्षा अशा दोन्ही अंगांनी तपासून घ्यावी लागे. आपल्या लेखिका वेणू चितळे याच विभागात त्याच्यासोबत होत्या. त्याची बायको आयलीन युद्धकाळात सेन्सॉर खात्यातच नोकरीला होती. घरी जेवताना कोणत्या गोष्टी निघत असतील याची कल्पना करा. राजीनामा स्वीकारण्यापूर्वी अशा इसमाकडे टाइपरायटर आहे का, याची चौकशी करावी. रुमानियात १९८३ मध्ये टाइपरायटरची पोलिसांकडे नोंदणी आणि अक्षरांचे नमुने सक्तीचे झाले, ते उगीच नव्हे.

नेहमी होणारी चूक

लेखकावर नजर ठेवण्यात वेळ घालवणं. ब्रॅडबरीला आपल्याच कादंबरीची काटछाट कित्येक वर्षं कळली नव्हती. ती त्याला पत्रं लिहून कळवली विद्यार्थ्यांनी, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढी साफसफाई केली त्यांनीच. मग तो खवळला आणि मूळ मजकूर परत छापावा लागला. मुलांच्या हाती जुनी आणि नवी प्रत एकाच वेळी पडू न देणं, हेच आपलं काम. ग्रंथालयांचं जमेल, तिथे नोंदवही असते, जीर्ण म्हणून बाद करण्याचा ठराव असतो. फूटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग मात्र कुठल्याच रजिस्टरात नाहीत. तिथे किलोवर आलेली १९५३ ची प्रत वीस रुपयांत कुणीही नेऊ शकतो. तेव्हा सोमवारी हजेरीपत्रकावर सही झाली की पहिलं काम म्हणून आपल्या हद्दीतल्या सर्व रद्दीवाल्यांची यादी मागवा.