तारखांचे शुद्धीकरण

जुन्या दप्तरातील तारखा संगणकाच्या कोष्टकात दाखल करून घेताना एक्सेल हा आमचा परमपूज्य कारकून जी न्यायबुद्धी प्रकट करतो, तिची प्रशंसा करावी तितकी थोडीच. ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, असला क्षुद्र प्रश्न तो कोणास विचारीत नाही. यंत्राचा मुलूख अमेरिका म्हणून नोंदलेला असला, की पाच ऑगस्ट बिनबोभाट आठ मे म्हणून रुजू होतो. ही कृपा अर्थात बारा तारखेपर्यंतच. तेरावा महिना अद्याप मंजूर न झाल्यामुळे तेरा तारखेपासूनचे जीव निव्वळ मजकूर होऊन रकान्याच्या डाव्या कडेला मोक्षाची वाट पाहत लोंबकळतात. ज्याच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आजही इतमामाने नांदतो, आणि ज्याच्या धास्तीने ‘मार्च१’ या मानवी जनुकाचे शास्त्रज्ञांनी नावच बदलून टाकले, त्याच्याशी हुज्जत कोण घालणार?

दोन आकडी साल २९ पर्यंतचे असेल, तर ते तो उदार मनाने चालू शतकात जमा करतो. तदनुसार ०५/०८/२९ रोजी जन्मलेले आमच्या आळीतील आजोबा २०२९ साली जन्मास येणार असल्याचे एका कचेरीच्या निदर्शनास आले, आणि जन्मापूर्वी उचललेले निवृत्तिवेतन सव्याज परत भरण्याचा हुकूम सुटला. अर्जदार अज्ञान असल्याने पालकांच्या सहीनिशी.