या, बसा, हात लावू नका

घरातल्या घरात चित्रे काढणाऱ्या, मूर्ती घडवणाऱ्या किंवा मातीची भांडी भाजणाऱ्या माणसाला कुणी ना कुणी एक सल्ला देतोच : 'अहो, गॅलरीला भाडं कशाला भरता? घरीच बोलवा की लोकांना!' लोक सल्ला देणाऱ्याच्या घरी जायचे नसतात, त्यामुळे सल्ला सढळ हाताने दिलेला असतो. आणि कलावंत भोळा असल्यामुळे, किंवा गॅलरीचे मागचे बिल अजून थकलेले असल्यामुळे, तो मानतो. पुढची मार्गदर्शिका अशा कलावंतांसाठी आहे. त्यांच्या घरच्यांनी ती आधी वाचावी.

१. मुहूर्त

तारीख निवडण्याचे शास्त्र व्हिक्टोरियन लंडनकडून शिकावे. रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनासाठी चित्रे रवाना करण्याच्या सुमारास एक रविवार ठरलेला असे. त्या दिवशी चित्रकार आपापले स्टुडिओ उघडत आणि लोक घोडागाड्या करून या घरातून त्या घरात हिंडत. त्याला 'शो संडे' म्हणत. यातली खरी हुशारी अशी की चित्र कोणत्याही परिस्थितीत त्याच आठवड्यात पुरे करावे लागे. चित्रकाराला पाहुण्यांपेक्षा तारखेचा धाक जास्त उपयोगी पडतो.

आपल्याकडे हा रविवार शोधणे अंमळ अवघड आहे. पावसाळ्यात तैलरंग वाळत नाहीत. श्रावणापासून दिवाळीपर्यंत लोक मोकळे नसतात. त्यानंतर लग्ने लागतात, मग परीक्षा येतात आणि मे महिन्यात पाणी एक दिवसाआड येते. इतके वगळून वर्षात दोन रविवार उरतात. त्यातल्या एकावर सख्ख्या भाच्याचे बारसे असते आणि दुसऱ्यावर भारत-पाकिस्तान सामना. बारशाचा निवडावा. भाचा पुढे समजून घेईल.

२. जागा

चित्रकार फ्रेडरिक लेटनने लंडनच्या हॉलंड पार्क भागात बांधलेले घर या विषयातला आदर्श मानावे लागेल. वर प्रशस्त स्टुडिओ, खाली निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेले अरबी धाटणीचे दालन, बसवून घ्यायच्या मॉडेलना ये-जा करायला निराळा जिना, आणि एवढ्या मोठ्या घरात मालकाला निजायची खोली मात्र एकच. पाहुण्यांनी यावे, पाहावे, कौतुक करावे आणि रात्री आपल्या घरी जावे, हे इतक्या स्पष्टपणे आजवर दुसऱ्या कोणत्याही वास्तूने सांगितलेले नाही.

ज्यांचा वास्तुविशारद इतका सहकार्य करणारा नाही, त्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे कलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. जुन्या चित्रपोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या हे सगळे तिथे मांडले आणि दार उघडे ठेवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

शहरातल्या कलावंताकडे गोठा नसतो, सोसायटी असते. चेअरमनना आधी लेखी कळवावे. 'प्रदर्शन' हा शब्द अर्जात घालू नये, कारण त्यापुढे त्यांना 'व्यावसायिक वापर' आणि त्यापुढे जादा देखभाल शुल्क दिसते. 'काही स्नेही येणार आहेत' इतकेच लिहावे. वॉचमनला मात्र सगळे खरे सांगावे, कारण दिवसभरात साठ जणांना 'कोणत्या फ्लॅटमध्ये?' हे तोच विचारणार असतो.

३. पसारा

पसारा दोन प्रकारचा असतो : कलात्मक आणि घरगुती. पाहुण्याला पहिला हवा असतो आणि घरात असतो दुसरा. बरणीत उभे ठेवलेले ब्रश, रंगाने बरबटलेली जुनी बंडी, पिळून पिळून सपाट झालेल्या ट्यूब, जमिनीवर ओघळलेला निळा : हे कलात्मक. स्टँडवरचे टॉवेल, इस्त्रीचे गाठोडे, गेल्या दिवाळीपासून बाल्कनीत पडलेला आकाशकंदिलाचा सांगाडा : हे घरगुती. सीमारेषा बारीक आहे. सांगाड्याला एक दिवा लावून खाली आकाराची आणि माध्यमाची पट्टी चिकटवली तर तो पहिल्या गटात जाऊ शकतो.

अडचण अशी की शनिवारी रात्री घरचे लोक मायेपोटी सगळेच आवरून टाकतात. ब्रश धुऊन पुसून उंचीप्रमाणे लावलेले, फरशी लखलखीत आणि टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून उदबत्ती. तेव्हा कलावंताने पहाटे उठून पसारा पूर्ववत करावा. आवाज होऊ देऊ नये.

४. पाहुण्यांची पारख

पहिला पाहुणा वेळेआधी वीस मिनिटे येतो आणि तो शेजारचाच असतो. दुसरा प्रत्येक चित्रापुढे 'किती तास लागले?' असे विचारून मनात भागाकार करतो. एक आई मुलाला पुढे ढकलून 'हासुद्धा फार छान काढतो हं' म्हणते आणि मोबाइलमध्ये त्याची अठरा चित्रे दाखवते. ती पाहावीत, त्यातली दोन खरोखरच चांगली असतात. एक जण बाथरूम कुठे आहे ते विचारतो आणि तेवढेच पाहून जातो. आणि एक दुसरा चित्रकार असतो. तो चित्राकडे कमी पाहतो, कॅनव्हास कुठल्या कंपनीचा आहे ते मागून वळून वाचतो.

यातला कामाचा पाहुणा कोणता, हे दारात ओळखता येत नाही. अलिबागजवळच्या सासवण्यात १८९१ साली जन्मलेल्या विनायक करमरकर नावाच्या मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांचा. डहाणूकडच्या वारली पाड्यांत १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन गेले. तोवर लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, अशी ती चित्रे होती. ती कागदावर आली, जिव्या सोमा म्हशे यांचे नाव देशाबाहेर गेले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोन्ही पाहुण्यांनी काही विकत घेण्याच्या आधी नीट पाहिले होते. तरीही सावधगिरी म्हणून चहा सर्वांना द्यावा. बाथरूमवाल्यालाही.

करमरकरांचे सासवण्याचे घर आता संग्रहालय आहे. तिथे गेलेल्या माणसाला कोळीण, शेतकरी, घरातली माणसे अशी सगळी मंडळी शिल्पांतून भेटतात आणि कुणी चहाही विचारत नाही.

५. काम करून दाखवणे

पाहुण्याला 'प्रत्यक्ष काम' पाहायचे असते. प्रत्यक्ष काम म्हणजे बराच वेळ कॅनव्हासकडे बघणे, उठून पाणी पिणे, परत बघणे, एक ठिपका देणे आणि तो पुसणे. हे कुणाला दाखवण्यासारखे नाही. म्हणून एक चित्र मुद्दाम एका पानाइतके अपुरे ठेवावे. दर अर्ध्या तासाने त्या पानाची एक शीर रंगवावी. घोळका पांगला की ती पुसून टाकावी. हे पान वर्षानुवर्षे टिकते.

ज्यांचे काम मुळातच पाहण्याजोगे आहे त्यांना या युक्त्या लागत नाहीत. पुरीजवळच्या रघुराजपुरात घराघरात पटचित्रकार आहेत आणि घरांच्या बाहेरच्या भिंतीही चितारलेल्या. गल्लीतून चालणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून 'नुसतं बघून तरी जा' असे आमंत्रण येते. मग चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून कापडाचा पट कसा तयार होतो, दगडाने घासून त्याला कशी झिलई येते, शंखाचा पांढरा आणि काजळीचा काळा कसा निघतो, हे सगळे मांडी घालून दाखवले जाते. नुसतं बघायला बसलेला माणूस हात हलवत उठल्याचे क्वचितच घडते.

पिंगुळीचा मार्ग आणखी निराळा. चित्रकथी चित्र भिंतीला टांगून बाजूला उभा राहत नाही. तो पोथीतले एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा सांगतो. चित्राचा अर्थ काय, असे विचारायला कुणाला सवडच मिळत नाही. अमूर्त चित्रकारांनी यावर विचार करावा. हुडुक शिकायला फार दिवस लागू नयेत.

६. किंमत

या विषयावर पाहुणा आणि यजमान दोघेही शेवटपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारतात. किंमत चित्राच्या मागे पेन्सिलने लिहू नये आणि 'तुम्हाला काय द्यावंसं वाटतं?' असे तर मुळीच विचारू नये. लोकांना खरेच काहीतरी वाटते आणि ते बोलून दाखवतात.

सावंतवाडीच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये बसून कारागीर गंजिफाचे पत्ते रंगवतात आणि पाहुणे ते पाहू शकतात. ही कला मरणपंथाला लागली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती राजवाड्यात आसरा देऊन पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात. प्रत्येक पान हाताने रंगवायचे, कडेची वेलबुट्टी हातानेच काढायची आणि वर लाखेचा हात द्यायचा. एका पानावर वाकलेली मान आणि तो बारीक ब्रश दहा मिनिटे पाहिला की 'पत्त्यांच्या जोडाला एवढे पैसे?' हा प्रश्न घशातच राहतो. घर उघडे ठेवण्याचा हा एवढा एक फायदा गॅलरीत मिळत नाही. तिथे काम झालेले दिसते, होताना दिसत नाही.

ज्यांना किंमत सांगण्याची फारच लाज वाटते, त्यांनी मद्रासजवळचे चोलामंडल आठवावे. के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकाराने १९६६ साली चित्रकार-शिल्पकारांनी तिथे आपले गाव वसवले. जमिनीसाठी पैसा उभा राहिला तो बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून. चित्र आपल्या मनासारखे काढायचे आणि पोटासाठी बाटिक करायचे, असा तो रोखठोक हिशेब होता. तेव्हा दाराशी एका टेबलावर भेटकार्डे, बुकमार्क आणि छोटे कप ठेवायला कमीपणा मानू नये. 'फार महाग नाही ना?' म्हणणारे तिथेच थांबतात आणि दोन कप घेतात.

७. ज्यांना हे वाचायची गरज नाही असे लोक

तळकोकणात आषाढ-श्रावणात गावोगाव गणपतीच्या शाळा सुरू होतात. इथे आमंत्रणपत्रिका नसते. घराच्या पडवीत किंवा ओटीवर मातीचा ढीग, ओल्या गोणपाटाखाली झाकलेला, आणि भिंतीला लावलेले पाट. प्रत्येक घराने आपापला पाट आणून दिलेला. खालच्या बाजूला खडूने नाव. करवंट्यांत रंग कालवलेले. शाळा सुटलेली पोरे थेट इथे येतात, उकिडवी बसतात आणि कुणाचा गणपती कुठवर आला त्याची खबर घरी नेतात. म्हातारी माणसे येतात, सुपारी कातरतात, 'पोट जरा कमी झालं' म्हणतात. मूर्तिकार मान वर न करता 'सुकला की भरतो' म्हणतो आणि माती मळत राहतो.

डोळ्यांची आखणी मात्र रात्री, वर्दळ निवल्यावर. तेव्हा आलेला माणूसही बोलत नाही, त्याला कुणी सांगावे लागत नाही.

इथे कोणी 'हे काय आहे?' विचारत नाही, 'किती तास लागले?' विचारत नाही. प्रत्येकाचा पाट तिथे लागलेला आहे, म्हणून प्रत्येकजण आपल्याच घरचे काम पाहायला आलेला आहे. शहरातल्या कलावंताला पाहुण्याकडून पाट आणवता आला तर वरची सहा कलमे रद्द समजावीत. तोवर लागू आहेत.

८. सोमवारनंतर

राहिलेल्या वस्तू गोळा कराव्यात : दोन छत्र्या, एक लहान मुलाची चप्पल, एक चष्मा. चष्मा त्या दुसऱ्या चित्रकाराचा असतो. अभिप्रायवहीतले 'खूप छान' मोजत बसू नये.

खरे काम तीन आठवड्यांनी येते. फोन लागतो तो त्या भागाकार करणाऱ्या गृहस्थांचा. 'ते डोंगराचं चित्र मनात बसलंय. पण आमचा सोफा मरून आहे. तुमचं हिरवं आहे ना? तेच जरा तपकिरीत मिळेल का?'

या ठिकाणी कलावंत सहसा दुखावतो आणि फोन ठेवून देतो. तसे करू नये. गणपतीच्या शाळेतल्या मूर्तिकाराला पिढ्यानपिढ्या 'पितांबर यंदा पिवळं नको, अबोली करा' आणि 'मुकुट त्या मोबाइलमधल्या फोटोसारखा' असे सांगण्यात येते. तो पाटावरच्या नावाशेजारी 'अबोली' लिहून ठेवतो. कलावंताने वही उघडावी, 'डोंगर, तपकिरी' लिहावे, निम्मी रक्कम आगाऊ सांगावी आणि सोफ्याची रुंदी इंचात विचारून घ्यावी.